आवळासुपारीएवढं अंतर

"पंधरा मिनिटांत माझा कुकरसुद्धा होत नाही," तिकिटाचा कागद मला परत देत ही म्हणाली. "आणि हे विमान आपल्याला एका बेटावरून उचलून दुसऱ्या बेटावर ठेवणार?"

कागदावर तसंच छापलं होतं. कासोसहून निघायची वेळ, कार्पाथोसला पोचायची वेळ, आणि दोहोंत पंधरा मिनिटं. माझी सगळी नोकरी बँकेत आकडे तपासण्यात गेली. फार मोठा आकडा दिसला तर मी घाबरत नाही. फार लहान दिसला की मात्र कुठेतरी शून्य गळलंय अशी शंका येते. म्हणून जर्मनीतल्या मुलाला फोन लावला. ग्रीसची ही सहल त्यानंच आखून दिली होती आणि आठवड्याच्या शेवटी तो आम्हाला रोड्सला भेटणार होता.

"बाबा, पंधरासुद्धा नाहीत," तो म्हणाला. "हवेत पाचेक मिनिटंच असता तुम्ही. नुसती मजा बघा."

झालं. माझी झोप उडाली. पाच मिनिटांत आमच्या गल्लीतली रिक्षा हमरस्त्याला लागत नाही. विमानात बसायचं, पट्टा बांधायचा, उडायचं, समुद्र ओलांडायचा आणि उतरायचं, हे सगळं पाच मिनिटांत उरकत असेल, तर मग तिकिटावरची उरलेली दहा मिनिटं जातात कुठे? हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडेना.

ही तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती. खोलीतल्या पलंगावर तिनं नकाशा पसरला आणि मागच्या बाकावरच्या पोराला समजवावं तशी सुरुवात केली. एजियन समुद्राच्या दक्षिणेला क्रीट आणि रोड्स ही दोन थोरली बेटं. त्यांच्या मधल्या पाण्यात कार्पाथोस उभं, लांबट, काकडीसारखं. आणि त्याच्या नैर्ऋत्येला कासोस, काकडी चोचवताना उडालेल्या चकतीसारखं. चकतीवर माणसं हजाराच्या आसपास. विमानतळ चकतीलाही आहे आणि काकडीलाही. काकडीचा तिच्या दक्षिणेच्या टोकाला.

"आता गंमत बघा. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ३५ अंश २५ मिनिटं उत्तर. रेखांशात फरक साधारण १४ मिनिटांचा."

"म्हणजे १४ मिनिटं लागतात! तरीच पंधरा लिहिलीत."

"अहो, ही मिनिटं घड्याळातली नव्हेत. अंशाचा साठावा भाग, त्याला मिनिट म्हणतात."

अंतराला मिनिट म्हणायचं आणि वेळेलाही मिनिटच म्हणायचं, ही सोय कुणाची कुणास ठाऊक. विषुववृत्तावर रेखांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १,८५२ मीटर. उत्तरेकडे सरकावं तसे रेखांश एकमेकांजवळ येत जातात, म्हणून इथली १४ मिनिटं भरतात साडेअकरा सागरी मैल, किंवा आपल्या भाषेत २१ किलोमीटर. पृथ्वी एवढी गिरकी घ्यायला जेमतेम एक मिनिट घेते. हे मात्र घड्याळातलं. म्हणजे कार्पाथोसच्या धावपट्टीवर सूर्य उगवला की मिनिटभरानं तो कासोसच्या धावपट्टीवर हजर. सूर्याला एक मिनिट, विमानाला पाच मिनिटं, तिकिटाला पंधरा आणि भूगोलाच्या बाईंना चौदा. मी नकाशाची घडी घातली आणि हवा खायला बाहेर पडलो.

कासोसच्या मुख्य गावाचं नाव फ्री. खरंच. ग्रीक लिपीत तीन अक्षरं, उच्चार फ्री. या नावाचं गाव पुण्याजवळ असतं तर तिथे रविवारी पाय ठेवायला जागा मिळाली नसती. इथे मात्र बूका नावाचं एक इवलंसं जुनं बंदर, त्यात पाच-सात मासेमारीच्या होड्या, काठावर कॉफीचं दुकान आणि दुकानाबाहेर खुर्च्या टाकून बसलेले चार म्हातारे. पाचवी खुर्ची मला मिळाली.

त्यातल्या एकानं तरुणपणी जहाजांवर नोकरी केली होती. मी कुठला म्हणून विचारलं, मी मुंबईजवळचा म्हणालो, तर तो "बोंबाय! बोंबाय!" करत माझ्या गुडघ्यावर थापा मारू लागला. दोन वेळा त्याचं जहाज तिथे लागलं होतं. कासोसच्या माणसाला मुंबई ठाऊक असणं यात नवल नाही, हे मला नंतर उमजलं. कासोस हे मुळात खलाशांचं बेट. १८२४ साली, ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात, इजिप्तच्या आरमारानं ते बेचिराख केलं. आणि पुढे त्याच शतकात कासोसची माणसं त्याच इजिप्तमध्ये पोटासाठी गेली, सुएझचा कालवा खणला जात होता तिथे. १८६९ साली तो कालवा उघडला आणि मुंबई युरोपला हजारो किलोमीटरनं जवळ आली. आफ्रिकेला वळसा घालायचं काम उरलं नाही. ज्यांच्या पणजोबांनी आपल्या मुंबईचं अंतर कमी करायला हात लावला, त्यांच्यापुढे बसून मी २१ किलोमीटरचा हिशेब विचारत होतो.

तरी विचारलंच. "कार्पाथोसला जायला किती वेळ लागतो?"

"मला तीन वर्षं लागली," म्हातारा म्हणाला. "बायको तिकडची. सासरा तयार होईना."

बाकीचे तिघे हसले. हा विनोद त्यांनी पन्नास वर्षं ऐकलेला असणार, तरी हसले. मी नेट धरला. विमानानं किती? त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, "था दूमे." ग्रीक भाषेतले जे आठ-दहा शब्द मी शिकलो त्यात हा मला सगळ्यांत जवळचा. अर्थ सरळ आहे: बघू. आपल्याकडे मुलीच्या बापाला, वर्गणीवाल्याला आणि गच्चीत गळती आहे म्हणणाऱ्या भाडेकरूला जे 'बघू' म्हणतात, अगदी तेच 'बघू'. त्यात नकार नाही, होकारही नाही. मग त्यानं तोंड उत्तरेकडे वळवलं आणि आणखी एक शब्द टाकला: मेल्तेमी.

मेल्तेमी हा या समुद्राचा उन्हाळी वारा. जुलै-ऑगस्टात तो उत्तरेकडून सुटतो. आभाळ निळं, ऊन कडक, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा असा की टेबलावरची कॉफी पिण्याआधी पकडावी लागते. आपल्याला वादळ म्हटलं की काळोख, विजा, पाऊस लागतो. हे मात्र हसतमुख वादळ आहे. इथली माणसं ते मोजतात बोफोरमध्ये. ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं १८०५ साली वाऱ्याची शून्य ते बारा अशी पट्टी आखली. तिच्यावरचे हे बोफोर. ग्रीसमध्ये भाजीवालासुद्धा आज किती बोफोर, उद्या किती बोफोर असं बोलतो. "उद्या सात बोफोर, परवा आठ बोफोर," असं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी दचकलोच. १९८७ सालची वर्तमानपत्रं वाचून मोठी झालेली आमची पिढी. एका बोफोर्सनं देशात एवढं वादळ उठलं, आणि इथे एकदम आठ!

परत आलो तर घरमालकीणबाई गच्चीवर कपडे काढत होत्या. त्यांनाही तोच प्रश्न केला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला ग्रीक येत नव्हतं, त्यामुळे संभाषण फार स्पष्ट झालं. त्यांनी दोरीवर राहिलेल्या चादरीकडे बोट केलं. चादर दोरीला काटकोनात, जमिनीला समांतर, इस्त्री केल्यासारखी ताठ. बाईंनी हाताचं विमान केलं आणि ते मोडून कमरेवर ठेवलं. मग चादर सरळ खाली लोंबतेय असं हातानं दाखवलं आणि हाताचं विमान पुन्हा उडवलं. हवामान खात्याचं एवढं सुबोध निवेदन मी आजवर ऐकलं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी वेळेआधी दोन तास विमानतळावर जाऊन बसलो. पाच मिनिटांच्या प्रवासाला दोन तास आधी जाण्यात काहीतरी चुकतंय हे हिला दिसत होतं, पण स्टेशनावर तासभर आधी पोचून बाकडं धरणाऱ्या माणसाशी चाळीस वर्षं संसार केल्यामुळे ती काही बोलली नाही. विमानतळ गावाला लागूनच आहे. लहान इमारत, आणि पलीकडे एक किलोमीटरलाही थोडी कमी भरेल अशी धावपट्टी. तिच्यावर मोठं विमान उतरायचा प्रश्नच नाही. दोन पंख्यांचं छोटं विमान येतं. ते इथे मुक्कामाला नसतं. या बाजूचं विमान वर्षानुवर्षं आपल्या वडापसारखं चाललंय: रोड्सहून कार्पाथोस, तिथून कासोस, तिथून क्रीटमधलं सितिया, आणि तसंच उलट. थांबलं की दोन उतरणार, तीन चढणार, आत बसलेले बसूनच राहणार.

खिडकीतल्या माणसाला फारसं काम नव्हतं. मी त्याला कागद दाखवून पंधरा आणि पाचचा तिढा सांगितला. त्याला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हे विचारलं असावं. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"तुम्हाला कुठपासून कुठपर्यंत मोजायचंय?"

असा प्रश्न विचारणारा माणूस मला फार आवडतो. विमानाच्या वेळापत्रकातली वेळ उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसतेच, त्यानं समजावलं. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान हललं तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या टोकाला ते जाऊन उभं राहिलं आणि पुन्हा ठोकळे लागले की बंद. मधे धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगणं आलं, वळणं आलं, उतरल्यावर पुन्हा रांगणं आलं. लांबच्या प्रवासात हे रांगणं खपून जातं. इथे तेच जास्त. शिवाय असली विमानं वर गेल्यावर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतात. त्या हिशेबानं २१ किलोमीटरला अडीच मिनिटंच पुरतील. पण तो वेग घेईपर्यंत उतरायची वेळ झालेली असते. आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. कार्पाथोस पूर्वेला आहे, वारा उत्तर-पश्चिमेचा. म्हणजे जायचं असतं एकीकडे आणि निघायचं दुसरीकडे तोंड करून. रागावून माहेरी निघालेल्या माणसासारखं, असं मी मनात म्हटलं. हिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नाही.

"जगातलं सगळ्यांत छोटं उड्डाण का हे?" मी विचारलं. नव्हे. तो मान स्कॉटलंडचा. तिथे ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर २.७ किलोमीटर आहे, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असताना एकदा ५३ सेकंदांत झालेलं आहे. ते ऐकून मला उगीचच कासोसच्या वतीनं वाईट वाटलं.

विमानासाठी आमच्याबरोबर थांबलेली माणसं सहलीची नव्हती. हाताला प्लॅस्टर घातलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई. एक तरुण मास्तरीण. काळ्या कपड्यांतल्या एक आजीबाई, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. फडकं थोडं सैल झालं तेव्हा आत बोटाच्या पेराएवढे, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले डोल्मे दिसले, ओळीनं रचलेले. कासोसचे डोल्मे या बारीकपणासाठी नावाजलेले. हिनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर आदर उमटला; उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजणारी नजर ती. "लेकीकडे चालल्यात," ही म्हणाली. आजींशी तिचा एक शब्दही झालेला नव्हता. मी म्हटलं, तुला काय ठाऊक? "डबा कसा धरलाय बघा ना."

हजार वस्तीच्या बेटाला विमान परवडत नाही, हे बँकेत न काम केलेल्या माणसालाही कळेल. ते चालतं, कारण युरोपीय संघाच्या नियमांत अशा आडमार्गांसाठी एक सोय आहे. सरकार ठेका काढतं, इतक्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत, भाडं याच्यावर जाता कामा नये अशा अटी घालतं आणि येणारी तूट भरून देतं. तूट म्हटलं की माझ्या जुन्या सवयीनं कपाळाला आठी पडते. पण तो प्लॅस्टरवाला मुलगा समोर बसला होता. मराठीत 'अंतर' हा शब्द मोठा लबाड आहे. दोन गावांमधलं ते अंतर. दोन माणसांत पडतं तेही अंतर. आणि 'मला अंतर देऊ नका' म्हणतो त्यात तर किलोमीटरचा संबंधच नाही. पाच मिनिटांच्या विमानाचा सरकारी खर्च कुठल्या खात्यात टाकायचा असं मला कुणी विचारलं असतं, तर मी या तिसऱ्या अर्थाच्या खात्यात टाकला असता. तपासनीसानं आक्षेप घेतला असता तर घेतला असता.

विमान आलं नाही. म्हणजे आलं, पण वरूनच. आवाज ऐकून आम्ही सगळे काचेशी गेलो. डाव्या हाताला एक पांढरा ठिपका, पंख खालीवर करत, दारुड्यासारखा. मग तो वळला आणि निघून गेला. खिडकीतल्या माणसानं दोन्ही तळवे वर केले. "एखी आएरा," म्हणजे वारा आहे. कुणी चिडलं नाही, काउंटरवर हात आपटले नाहीत. मुलाच्या आईनं फोन लावला, मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडलं, आजींनी फडक्याची गाठ आवळली आणि घरी गेल्या. डोल्मे उद्या नवे करणार असतील. एकटा मीच धावपट्टीकडे बघत उभा होतो, कुणीतरी चेक वटवायला नकार दिल्यासारखा.

बोटीनं जावं म्हटलं. ती सुमारे दीड तास घेते, पण ती तरी वाऱ्याला नमत नसेल, असा माझा समज. मालकीणबाईंनी एक लांबलचक शब्द उच्चारला: अपागोरेफ्तिको. वारा ठराविक बोफोरांच्या वर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडायला मनाई करतात, त्या मनाईचं हे नाव. ग्रीक बेटांवर हा शब्द पोरांना बाराखडीबरोबर येत असावा. तर आम्ही अडकलो. समोर, खाडीपल्याड दिसावं तसं, कार्पाथोस स्वच्छ दिसत होतं. त्याच्या डोंगराच्या घड्या मोजता येत होत्या. जाता मात्र येत नव्हतं.

अडकलेल्या माणसाला इतिहास आठवतो. या समुद्रावरून उडायचा पहिला खटाटोप डीडलस आणि त्याचा मुलगा इकारस यांचा. क्रीटच्या राजाच्या तावडीतून सुटायला पिसं मेणानं चिकटवून केलेले पंख, आणि पोरगं उन्हाच्या फार जवळ जाऊन पडलं ते समुद्रात. जिथे पडलं म्हणतात तिथल्या बेटाचं नाव इकारिया. मला ग्रीकांचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी: त्या बेटावर विमानतळ झाला तेव्हा त्याला त्यांनी नाव दिलं इकारोस. आपण हे धाडस केलं नसतं. विमानतळाला, पडलेल्या माणसाचं नाव! नाव ठरवणाऱ्या समितीत निदान एका काकांनी तरी हात वर करून "अशुभ नको" म्हटलं असतं आणि ठराव तिथेच अडला असता.

आणि डीडलसचं कर्ज तर त्यांनी व्याजासकट फेडलं. २३ एप्रिल १९८८. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी एक विमान बांधलं, नाव डीडलस. पंखांचा पसारा ३४ मीटर, मोठ्या जेट विमानाएवढा, आणि वजन ३१ किलो. आपल्या एका भरल्या सिलिंडराएवढंच म्हणा ना. इंजिन नाही. चालक सायकलसारखे पायडल मारणार आणि त्यावर पंखा फिरणार. चालक ग्रीसचा सायकलपटू कानेलोस कानेलोपुलोस. वारा पडायची वाट बघत ही सगळी फौज क्रीटमध्ये कित्येक दिवस बसून होती. हे वाचलेलं आठवलं आणि मला माझी खुर्ची जरा मऊ लागू लागली. अखेर एका सकाळी समुद्र शांत झाला. हेराक्लिओनहून तो उठला, पाण्यावरून काही मीटर उंचीनं, ग्लुकोज आणि मीठ घातलेलं पाणी पीत पायडल मारत राहिला, आणि ११५ किलोमीटर तोडून सँटोरिनीला पोचला. वेळ ३ तास ५४ मिनिटं. पोचला म्हणजे, किनारा सात मीटरवर राहिला होता. वाऱ्याचा झोत आला, शेपटी मोडली, विमान पाण्यात पडलं आणि चालक पोहत वाळूवर आला. शंभरावर किलोमीटर गप्प राहून वाऱ्यानं शेवटच्या सात मीटरला आपली सही केली. त्याचा विक्रम मात्र अजून कुणी मोडलेला नाही.

मी कागदी रुमालावर गणित केलं. ताशी २९ किलोमीटर. त्या वेगानं कासोसहून कार्पाथोस पाऊण तासाच्या आत. नुसत्या पायांच्या बळावर बोटीच्या निम्म्या वेळात! ही म्हणाली, "मग मारा पायडल."

दुसरा दिवस पहिल्यासारखाच गेला. एवढंच, की त्या दिवशी आम्ही दोन तास आधी न जाता अर्धा तास आधी गेलो आणि आजीबाई आल्याच नाहीत. त्यांना चादरीची भाषा येत असणार. रात्री मालकीणबाईंनी माकारुनेस करून वाढल्या, हातानं वळलेल्या शेवया म्हणा, बोटांनी दाबून मधे खळगा केलेल्या, वर लालबुंद परतलेला कांदा आणि चीज. ही पानावरून उठून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. कणीक कशी भिजवतात, खळगा कुठल्या बोटानं पाडायचा, हे सगळं दोघींनी एकमेकींच्या भाषेचा एकही शब्द न वापरता पाऊण तासात उरकलं. मी बाहेर बसून वाऱ्याचा आवाज ऐकत होतो. वेळ किती लागतोय याकडे त्या दिवशी पहिल्यांदाच माझं लक्ष नव्हतं, असं म्हटलं तर खोटं ठरेल. पाऊण तास हा आकडा माझ्याकडे आहे तो घड्याळ बघितलं म्हणूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती शांततेनं. खिडकी उघडली. गच्चीतल्या दोरीवर चादर सरळ खाली लोंबत होती, शाळा सुटल्यावरच्या झेंड्यासारखी. आजीबाई आमच्या आधी विमानतळावर हजर. डबा नवा, फडकं तेच.

विमान उतरलं, दार उघडलं, सितियाहून आलेली मंडळी आत तशीच बसून राहिली, आम्ही चढलो. मला खिडकी मिळाली. हिनं पर्समधून आवळासुपारीची डबी काढली. विमान असो, घाट असो, एस.टी. असो, प्रवास सुरू होताना तिच्याकडून एक तुकडा मिळतो. मळमळू नये म्हणून. मी तो गालात धरला आणि मनगटावरचं घड्याळ समोर आणलं.

चाकं हलली. रांगत टोकाला गेलो, वळलो, पंख्यांचा आवाज चढला, पाठ खुर्चीला टेकली आणि खालची धावपट्टी संपून एकदम निळं पाणी आलं. हवाईसुंदरी आपल्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती ती बसूनच राहिली. पट्ट्याचा दिवा विझला नाही. विझून करणार काय? पंखाखालून फ्री गाव सरकलं, बूकातल्या होड्या, कॉफीचं दुकान. म्हातारे त्या उंचीवरून ओळखू आले नाहीत, पण खुर्च्या चार होत्या असं मी शपथेवर सांगेन. विमान कललं, सूर्य एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला, दोन बेटांमधलं पाणी आलं आणि मी ते नीट बघायला मान वळवतो तोवर गेलंसुद्धा. पंख्यांचा आवाज उतरला. उतरायची सूचना आणि स्वागताची सूचना यांच्यामध्ये बाईंना श्वास घ्यायला जेमतेम वेळ मिळाला. खाली तपकिरी किनारा, आणि त्याच्यालगत पाण्यावर रंगीत शिडांची रांग: आफियार्तिस. वाऱ्यावर फळी चालवणारी माणसं जगभरातून इथे मुद्दाम येतात, कारण इथला वारा सहसा थांबत नाही. आमचा दोन दिवसांचा वैताग हा कुणाचा तरी सुट्टीचा बेत होता.

चाकं टेकली. साडेपाच मिनिटं. रांगणं धरून बारा. म्हणजे तिकिटातली तीन मिनिटं शिल्लक राहिली. ती कुठल्या खात्यात जमा होतात, ते त्या खिडकीतल्या माणसाला विचारायचं राहून गेलं.

बाहेर एक मध्यमवयीन बाई उभी होती. आजींनी तिच्या हातात डबा दिला, आणि मगच गालावर गाल टेकवला. हिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

कार्पाथोसचं मुख्य गाव पिगाडिया विमानतळापासून बरंच दूर आहे. विमानाला लागला त्याच्या तिप्पट वेळ टॅक्सीला लागतो. चालकानं सामान मागे टाकलं, आरसा हलवून आमच्याकडे पाहिलं आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "कासोसहून? किती वेळ लागला?"

उत्तर माझ्याकडे सेकंदासकट तयार होतं. पण आवळासुपारी अजून गालात होती, अर्धीसुद्धा विरघळली नव्हती, आणि मी ती दुसऱ्या गालात सरकवेपर्यंत हिनं मागून हात पुढे करून दोन बोटं दाखवली.

"दोन दिवस?" चालक म्हणाला. "ऑगस्टात? दोनच?"

आणि त्यानं आरशातून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही लॉटरी लागूनही सांगत नव्हतो.